हलका पण दमदार लॅपटॉप कसा निवडावा? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले लोक लॅपटॉप घ्यायच्या आधी जे विचारतात, ते इथे एका ठिकाणी उतरवलं आहे. मी लॅपटॉप विकत नाही, दुरुस्त करतो. त्यामुळे जाहिरातीपेक्षा, दोन उन्हाळे काढून झाल्यावर मशीन कोणत्या अवस्थेत टेबलावर येतं, ते मला जास्त दिसतं. खालची उत्तरं त्याच बाजूने दिलेली आहेत.

‘हलका’ म्हणजे नेमका किती किलोचा?

चौदा इंची लॅपटॉप दीड किलोच्या आत असेल तर तो हलका. सव्वा किलोच्या आसपास असेल तर फारच हलका. सोळा इंची असेल तर पावणेदोन किलोपर्यंत चालवून घ्यावं. नेहमीचा गेमिंग लॅपटॉप सव्वादोन ते अडीच किलोला जातो.

पण वजन करताना चार्जरही काट्यावर ठेवा. यूएसबी-सीचा ६५ वॉटचा चार्जर सहज खिशात मावतो. गेमिंग लॅपटॉपचा १८० किंवा २३० वॉटचा अ‍ॅडॅप्टर केबलसकट अर्ध्या किलोच्या वर जातो. चोपड्याहून रोज एसटीने जळगावला येणारी विद्यार्थिनी खांद्यावर दोन्हींचं वजन घेते, आणि बॉक्सवर मात्र एकाचंच लिहिलेलं असतं.

वजन कमी आणि ताकद जास्त, हे एकत्र मिळतं का?

मिळतं, एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा चिप ठरवत नाही, उष्णता ठरवते. प्रोसेसर जितके वॉट वीज खातो तितकी उष्णता बाहेर टाकावी लागते. ती टाकायला तांब्याच्या नळ्या, जाळी आणि पंखे लागतात, आणि त्यांना वजन असतं, जाडी असते. म्हणून एकच प्रोसेसर दोन लॅपटॉपमध्ये असला तरी एकात तो २० वॉटवर दबून चालतो आणि दुसऱ्यात ४५ वॉटवर मोकळा चालतो. पहिली दोन मिनिटं दोघे सारखेच पळतात. फरक दहाव्या मिनिटाला कळतो.

दीड किलोच्या आत खरी ताकद देणारी मशीन आहेत. आसूसचा झेफिरस जी१४ (२०२४चं मॉडेल) दीड किलोचा आहे आणि त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसतं. एचपीचा ओमेन ट्रान्सेंड १४ साधारण १.६ किलोचा. दोन्ही महाग आहेत, कारण कमी जागेत उष्णता बाहेर काढण्याचं काम खर्चिक आहे.

आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. असा लॅपटॉप टिकेल का?

खान्देशात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि तो सगळ्यात शेवटी विचारला जातो.

आधी थोडं गणित. प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंत तापला की स्वतःचा वेग कमी करून घेतो. खोली २५ अंशांवर असेल तर चिप आणि हवा यांच्यात ७५ अंशांचा फरक मिळतो. भुसावळला पत्र्याच्या खोलीत दुपारी ४२ अंश झाले तर हाच फरक ५८ वर येतो. उष्णता किती बाहेर पडेल ते याच फरकावर अवलंबून असतं. म्हणजे पंखा तोच, जाळी तीच, पण बाहेर जाणारी उष्णता पाऊणपटच. यूट्यूबवर दिसणारी चाचणी बहुतेक वेळा एसीच्या खोलीत झालेली असते. तो आकडा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास आपल्याकडे मिळेल असं धरून चालू नका.

अ‍ॅपल आपल्या लॅपटॉपसाठी वापरताना १० ते ३५ अंशांचं हवामान सांगतं, आणि बहुतेक कंपन्यांची मर्यादा याच्याच जवळपास असते. याचा अर्थ ४० अंशांत मशीन लगेच जळतं असा नाही. ते मंद होतं, पंखे किंचाळतात, आणि बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

म्हणून निवडताना माझा आग्रह असा: पंखे दोन असावेत. गरम हवा बाहेर पडण्याची जागा मागे किंवा बाजूला उघडी असावी, नुसती बिजागरीच्या फटीत लपलेली नसावी. आणि रोज तासन्‌तास जड काम असेल तर १.२ किलोच्या मोहात न पडता १.४ ते १.७ किलोच्या पट्ट्यात शोधावं. ती जास्तीची पावशेर-अर्धा किलो बहुतेक तांबं आणि पंखा असतो, आणि आपल्या हवेत तोच उपयोगी पडतो. नाशिकच्या थंडीत राहणाऱ्या भावाने घेतलेलं मॉडेल डोळे झाकून घेऊ नका.

उन्हाळ्यात परफॉर्मन्स मोडऐवजी बॅलन्स्ड मोडवर ठेवलेला लॅपटॉप बऱ्याचदा जास्त स्थिर चालतो, कारण तो आधी उसळी मारून नंतर कोसळत नाही. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत लॅपटॉप कधीही ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं, आणि फुगलेल्या बॅटरीने ट्रॅकपॅड वर उचललेले लॅपटॉप माझ्याकडे प्रामुख्याने एप्रिल ते जूनमध्येच येतात.

कूलरसमोर बसून काम केलं तर चालेल का?

खोलीत कूलर जरूर लावा, पण त्याचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. आपल्याकडे बोअरचं पाणी जड. कूलरच्या झोताबरोबर येणारे बारीक तुषार पंखा आत ओढून घेतो. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात.

मागचं झाकण उघडल्यावर हे डोळ्यांनी दिसतं. पंख्याच्या पात्यांवर पांढुरकी खर बसलेली असते. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या मधल्या बोटभर जागेत धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर झालेला असतो, चिमट्याने धरला तर अख्खा एका तुकड्यात निघतो. त्याच्या मागे जाळी स्वच्छ, चकचकीत असते, कारण महिनोन्‌महिने तिथवर हवा पोचलेलीच नसते. कापसाच्या जिनिंगच्या हंगामानंतर धरणगाव-चोपड्याकडून येणाऱ्या मशीनमध्ये हा थर जास्त जाड असतो.

कूलर लॅपटॉपच्या आडव्या दिशेला, चार-पाच हात लांब ठेवा आणि खिडकी उघडी ठेवा. वर्षातून एकदा, शक्यतो मार्चमध्ये, आतून साफ करून घ्या. घेतानाच दुकानदाराला विचारा, की मागचं झाकण साध्या स्क्रूने उघडतं का. ज्याचं झाकण उघडायलाच त्रास, तो लॅपटॉप आपल्या धुळीत घेऊ नये.

खालून पंखे असलेला कूलिंग पॅड घेऊ का?

थोडा फायदा होतो. लॅपटॉपची मागची बाजू दोन बोटं उचलली तरी त्यातला बराचसा फायदा फुकट मिळतो. गादीवर, गोधडीवर ठेवून वापरणं मात्र बंद करा.

प्रोसेसर कोणता? आय फाइव्ह की आय सेव्हन?

फाइव्ह की सेव्हन हे बघण्याआधी नावाच्या शेवटचं अक्षर बघा.

इंटेलमध्ये ‘यू’ म्हणजे कमी वीज खाणारा, ‘एच’ म्हणजे ताकदीचा, ‘एचएक्स’ म्हणजे जाडजूड गेमिंग मशीनसाठीचा. ‘यू’वाला आय सेव्हन आणि ‘एच’वाला आय फाइव्ह यांत जड कामाला दुसराच सरस ठरतो. नवीन नावांत कोअर अल्ट्रा ५ १२५एच हा चांगला मधला पर्याय आहे. कोअर अल्ट्रा २०० मालिकेतले ‘व्ही’ अक्षराचे प्रोसेसर (उदाहरणार्थ २५८व्ही) कमी विजेवर छान चालतात, कमी तापतात आणि बॅटरी टिकवतात. आपल्या उन्हाळ्यासाठी हलक्या मशीनमध्ये मला हे फार पसंत आहेत. फक्त त्यांची रॅम चिपवरच बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. नंबरच्या शेवटी ६ असेल (२२६व्ही) तर १६ जीबी, ८ असेल तर ३२ जीबी.

एएमडीमध्ये एक सापळा आहे. ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा चिपची खरी पिढी सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जी रचना पहिल्यांदा २०१९ मध्ये आली. ७५३०यू म्हणजे झेन ३. ७८४०एचएस म्हणजे झेन ४. तिन्हींची नावं नवीन वाटतात, तिन्ही एकाच सेलमध्ये शेजारी लावलेली असतात, आणि पहिल्या-तिसऱ्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. ७५२०यू वर ‘रायझन ५’ची चिठ्ठी बघून कितीतरी पालक फसले आहेत. टायपिंग आणि ऑनलाइन तासापुरता तो ठीक आहे. खेळायचं किंवा व्हिडिओ कापायचा असेल तर नाही.

रायझन एआय ३०० मालिका (२०२४) मात्र दमदार आहे आणि तिची अंगभूत, म्हणजे प्रोसेसरमध्येच बसवलेली, ग्राफिक्सही चांगली आहेत.

गेम खेळायला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच का?

कोणते गेम, यावर आहे. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जुने फिफा, माइनक्राफ्ट एवढंच असेल तर नव्या कोअर अल्ट्रा किंवा रायझन ७८४०च्या पुढच्या अंगभूत ग्राफिक्सवर भागतं. त्या पैशांत हलकी मशीन, जास्त रॅम आणि चांगली स्क्रीन घ्या. एक अट आहे: रॅम दोन काड्यांत, म्हणजे ड्युअल चॅनलमध्ये असली पाहिजे. अंगभूत ग्राफिक्स रॅमच उसनी घेतात. एकाच काडीवर त्यांचा वेग फार पडतो. ‘१६ जीबी’ म्हणजे ८+८ की एकच १६, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सायबरपंक, जीटीएच्या नव्या आवृत्त्या, फोर्झा असं काही मनापासून खेळायचं असेल, किंवा ब्लेंडर, सॉलिडवर्क्स, थ्रीडी रेंडरिंग करायचं असेल, तर एनव्हिडियाचं वेगळं कार्ड हवं. इथे पुन्हा वॉट आले. आरटीएक्स ४०६० हे लॅपटॉपचं कार्ड ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीही विजेवर बसवायची कंपन्यांना मुभा आहे. नाव तेच, चिठ्ठी तीच. पातळ लॅपटॉपमधलं ४०६० हे जाड लॅपटॉपमधल्या ४०५० च्या मागेही पडू शकतं. आरटीएक्स ५०६० लाही ४५ ते १०० वॉट अशी रुंद पट्टी आहे. वेबसाइटवर बारीक अक्षरांत ‘टीजीपी’ किंवा ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ लिहिलेलं असतं, ते शोधा. जिथे लिहिलेलंच नाही तिथे आकडा सांगण्यासारखा नसतो, असं मी समजतो.

हलक्या लॅपटॉपमध्ये ६० ते ८० वॉटचं कार्ड मिळालं तर ते मला योग्य वाटतं. त्याहून जास्त पळवायला गेलात तर मे महिन्यात ती ताकद तुमच्या हाती लागणारच नाही, फक्त आवाज ऐकू येईल.

आणि कार्डाच्या मेमरीकडे बघा. ४०५० ला ६ जीबी असते, ५०५० आणि ५०६० ला ८. नव्या गेमना ६ कमी पडायला लागली आहे.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. माझ्यासाठी काय?

तुमचा हंगाम नेमका उन्हाळ्यात, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

आता बरेच कॅमेरे १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे रंगांची जास्त माहिती ठेवणाऱ्या प्रकारात, रेकॉर्ड करतात. हे फुटेज टाइमलाइनवर अडखळतं, आणि लोक रॅमला दोष देतात. खरं कारण वेगळं असतं: ते फुटेज उलगडणारा वेगळा विभाग चिपमध्ये असावा लागतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तो आहे. अ‍ॅपलच्या एम मालिकेत आहे. एनव्हिडियाच्या ४० मालिकेत नाही, ५० मालिकेत आला. म्हणजे एएमडी प्रोसेसर आणि ४०६० अशी जोडी कागदावर भारी दिसली तरी तुमच्या कामाला रडवेल. इंटेल ‘एच’ प्रोसेसर आणि सोबत ५०५० किंवा ५०६०, ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, शंभर टक्के एसआरजीबी (म्हणजे रंग नीट दाखवणारी) स्क्रीन: ही तुमची जोडणी. वजन पावणेदोन किलोपर्यंत जाऊ द्या.

आणि रेंडर रात्री लावा. खोली दहा अंशांनी उतरलेली असते.

रॅम किती घ्यावी?

१६ जीबी. आठ आता कामाची नाही. एडिटिंग, थ्रीडी किंवा मोठे प्रोजेक्ट असतील तर ३२.

पातळ लॅपटॉपमध्ये एलपीडीडीआर५एक्स प्रकारची रॅम मदरबोर्डवर डकवलेली असते. ती वेगवान असते, वीज कमी खाते, पण जन्मभर तेवढीच. म्हणून हलका लॅपटॉप घेताना आजची नाही, चार वर्षांनंतरची गरज धरून रॅम घ्या. २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढले आहेत, आणि ‘नंतर टाकू’ हा बेत जिथे काडी घालायची जागा आहे तिथेही महागात जातो.

एसएसडी?

५१२ जीबी किमान. मोठा एकेक गेम १०० जीबीच्या वर जातो, त्यामुळे खेळणाऱ्याने १ टीबी घ्यावी. एसएसडी बहुतेक ठिकाणी बदलता येते, म्हणून पैसे कमी असतील तर काटछाट इथे करा, रॅममध्ये नको.

मॅकबुक एअर घेतला तर?

हलकेपणा, बॅटरी आणि टिकाऊपणा या तिन्हींत उत्तम. एम४ चिपचा तेरा इंची एअर १.२४ किलोचा आहे, मार्च २०२५ मध्ये तो भारतात ९९,९०० रुपयांपासून आला, आणि सुरुवातीच्या मॉडेललाही १६ जीबी रॅम मिळाली. प्रोग्रामिंग, लेखन, फोटो, साधं व्हिडिओचं काम मजेत होतं.

दोन गोष्टी मात्र समजून घ्या. एअरला पंखाच नाही. धूळ आत ओढली जात नाही हा मोठा फायदा. पण उन्हाळ्यात सलग जड काम दिलं की तो हळू होतो. दुसरं, टॅली, सॉलिडवर्क्स, श्रीलिपीवर बसवलेली जुनी डीटीपीची कामं, सरकारी पोर्टलची खास सॉफ्टवेअर हे सगळं विंडोज धरून केलेलं असतं. व्हॅलोरंट मॅकवर चालत नाही. सीए, कर सल्लागार, सेतू केंद्र चालवणारे आणि मेकॅनिकलचे विद्यार्थी यांनी मॅकच्या वाटेला जाऊ नये. कॉम्प्युटरच्या विद्यार्थ्याने खुशाल घ्यावा.

स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप स्वस्तात दिसतात. घ्यावेत?

बॅटरी छान, उष्णता कमी. ऑफिसचं काम, ब्राउझर, व्हिडिओ मीटिंग यांसाठी हरकत नाही. पण या चिपची रचना वेगळी आहे. साधी सॉफ्टवेअर भाषांतर होऊन चालतात, ड्रायव्हर मात्र तसे चालत नाहीत. त्यामुळे डिजिटल सिग्नेचरचा यूएसबी टोकन, अंगठ्याचं मशीन, जुना प्रिंटर यांचा ड्रायव्हर त्या चिपसाठी बनवलेला नसेल तर ते उपकरण चालणारच नाही. बरेच गेमही अडतात. काम आणि खेळ दोन्ही हवं असणाऱ्याला मी हा सुचवत नाही.

स्क्रीन बघताना काय बघायचं?

रिझोल्युशनच्या आकड्यापेक्षा दोन गोष्टी. एक, रंग: ‘४५ टक्के एनटीएससी’ लिहिलं असेल तर फिकी स्क्रीन, ‘१०० टक्के एसआरजीबी’ असेल तर चांगली. दोन, उजेड: २५० निट्सची स्क्रीन आपल्या लख्ख दुपारी ओसरीवर दिसत नाही. ३०० किमान, ४०० असेल तर उत्तम. ओलेड स्क्रीन सुंदर दिसते पण चकचकीत असते, खिडकीकडे पाठ करून बसलात तर स्वतःचाच चेहरा दिसतो. १६:१० आकाराची स्क्रीन एक्सेल आणि कोडिंगला दोन-चार ओळी जास्त दाखवते.

जाहिरातीत अठरा तास बॅटरी लिहिलेली असते. खरंच चालते का?

कमी उजेडात व्हिडिओ चालू ठेवून मोजलेले ते तास असतात. तुम्ही स्वतः हिशोब करा. बॅटरी किती वॉट-अवरची आहे ते बघा आणि तिला वापराने भागा. साधं ऑफिसचं काम, पुरेसा उजेड, वायफाय चालू: ८ ते १० वॉट. म्हणजे ७० वॉट-अवरच्या बॅटरीवर सात-आठ तास. ५० वॉट-अवरवर पाच-सहा. गेम लावला तर दोन्हींवर तासभर, आणि तोही कमी वेगाने, कारण बॅटरीवर कार्डाला पूर्ण वीज मिळत नाही. खेळ हा चार्जर लावूनच करायचा.

यावल-रावेरच्या शेतशिवारात किंवा धडगावच्या बाजूला काम असेल, जिथे वीज गेली की कधी येईल याचा नेम नाही, तिथे ६५ वॉट-अवरच्या खाली जाऊ नका आणि यूएसबी-सीने चार्ज होणारा लॅपटॉपच घ्या. मग ६५ वॉटची पॉवर बँकही कामी येते.

घरी कायम चार्जरला लावून वापरत असाल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. बहुतेक कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सोय असते. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता या दोन गोष्टी एकत्र आल्या की लिथियम बॅटरी सगळ्यात लवकर म्हातारी होते, आणि आपल्याकडे त्यातली एक आयतीच आहे.

चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. मशीन खराब आहे का?

मशीन बहुतेक वेळा ठीक असतं, घरातली अर्थिंग नसते किंवा तुटलेली असते. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपमध्ये हे जास्त जाणवतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा, थ्री-पिनचा तिसरा पिन कापून टाकू नका. जोरदार झटका बसत असेल तर चार्जर लगेच बंद करा.

लोडशेडिंग, कमी-जास्त व्होल्टेज, इन्व्हर्टर... चार्जर जळेल का?

लॅपटॉपचा अ‍ॅडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे व्होल्टेज पडलं तर घाबरू नका. वीज परत येताना बसणारा झटका वाईट. चांगला स्पाइक गार्ड लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो, साइन वेव्ह बरा. बदली चार्जर घ्यायची वेळ आली तर बीआयएसचं चिन्ह बघून घ्या. रस्त्यावरचा दोनशे रुपयांचा चार्जर लाखाच्या मशीनला लावू नका, कळकळीने सांगतो.

ऑनलाइन घ्यावा की जळगावात दुकानातून?

किंमत दोन-तीन हजारांनी इकडेतिकडे असेल तर दुकानातून. गोलाणी मार्केटमध्ये चार दुकानं फिरलात की मशीन हातात घेऊन बघता येतं, बटणं दाबता येतात, आणि काही झालं तर भांडायला माणूस समोर असतो. फरक मोठा असेल तर ऑनलाइन घ्या, पण मॉडेलचं पूर्ण नाव, शेवटच्या अक्षरांसकट, जुळवून घ्या. त्या शेवटच्या अक्षरांत रॅम, स्क्रीन आणि कार्डाचे वॉट बदललेले असतात.

दोन्हीकडे एक गोष्ट आधी विचारा: वॉरंटी ऑन-साइट आहे की मशीन सेंटरला न्यायचं? आणि ऑन-साइट असेल तर तुमच्या पिनकोडला माणूस येतो का? तळोदा, अक्कलकुवा, पारोळा इथल्या लोकांनी कंपनीच्या नंबरवर फोन करून हे आधीच विचारून घ्यावं. नाहीतर एका बिजागरीसाठी नाशिक-पुण्याच्या फेऱ्या होतात. प्रवास जास्त असेल तर अपघाती नुकसानीचं संरक्षण जोडून घ्या. धंद्यासाठी घेत असाल तर बिलावर जीएसटी नंबर टाका, १८ टक्के कर त्यात असतो.

सेकंडहँड किंवा रिफर्बिश्ड चालेल?

कामासाठी चांगला चालतो. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही ऑफिसात वापरलेली मशीनं मजबूत असतात, उघडायला सोपी आणि बरीचशी हलकी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचं काही घेऊ नका, त्यावर विंडोज ११ रीतसर बसत नाही. बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच भाव करा. जुना गेमिंग लॅपटॉप मात्र टाळा. तो कोणत्या उन्हातून गेलाय हे बाहेरून कळत नाही.

मुलगी इंजिनिअरिंगला पुण्याला चालली आहे. साठ-सत्तर हजारांत काय घेऊ?

आधी शाखा. कॉम्प्युटर, आयटी, इलेक्ट्रॉनिक्स असेल तर वेगळं कार्ड नको. कोअर अल्ट्रा ५ ‘एच’ किंवा रायझन ७८४०च्या तोडीचा प्रोसेसर, १६ जीबी ड्युअल चॅनल रॅम, ५१२ एसएसडी, चौदा इंची चांगली स्क्रीन, १.४ किलोच्या आसपास. पुण्याच्या गाडीच्या गर्दीत बॅग मांडीवर घेऊन बसायची वेळ येते तेव्हा या वजनाची किंमत कळते.

मेकॅनिकल, सिव्हिल, आर्किटेक्चर असेल तर सॉलिडवर्क्स, रेव्हिट यांसाठी कार्ड लागेल. या रकमेत कार्ड आणि हलकेपणा दोन्ही मिळत नाही, हे मी स्पष्ट सांगतो. तेव्हा दोन किलोच्या वरची मशीन घ्या. पहिल्या वर्षाला ऑटोकॅड अंगभूत ग्राफिक्सवरही होतं, त्यामुळे घाई नसेल तर एक वर्ष थांबून, दिवाळीच्या सुमारास बघून, रक्कम वाढवून घेतलेलं बरं. भावाला गेम खेळायचे आहेत म्हणून मुलीच्या खांद्यावर अडीच किलो देऊ नका.

दुकानात लॅपटॉप समोर आल्यावर काय काय तपासू?

झाकण एका हाताने उघडा. खालचा भाग सोबत उचलला जात नसेल तर बिजागरी नीट बसवलेली आहे. कीबोर्डच्या मधोमध अंगठ्याने दाबा, खोल दबत असेल तर बॉडी कच्ची.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर रॅमचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. प्रोसेसरचं पूर्ण नाव सीपीयूच्या पानावर वाचा आणि बॉक्सवरच्या नावाशी जुळवा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये कार्डाला किती वॉट दिलेत ते लिहिलेलं असतं, दुकानदाराला ते पान उघडायला सांगा.

स्क्रीन आधी पूर्ण पांढरी, मग पूर्ण काळी करून मेलेले ठिपके बघा. डेमो मशीन असेल तर चार्जर लावून पंधरा-वीस मिनिटं एखादा जड व्हिडिओ एक्स्पोर्ट किंवा गेम चालवू द्या का, असं विचारा. हो म्हणाले तर तेवढ्या वेळानंतर मनगट टेकतात ती जागा आणि डब्ल्यू-ए-एस-डी बटणांची जागा हाताने चाचपा. तिथे हात ठेववत नसेल, आणि दुकानात एसी चालू असेल, तर घरी मे महिन्यात काय होईल याचा अंदाज तुम्हाला आलाच. दुसरं मॉडेल मागा.

घेतलात तर पैसे देण्याआधी बॉक्सवरचा, मशीनच्या तळाचा आणि बिलावरचा सिरियल नंबर एकच आहे का ते बघा, आणि त्याच नंबरने कंपनीच्या साइटवर वॉरंटी कधीपासून सुरू झालीय तेही दुकानातच उघडून घ्या.